लोभाचे भूत आणि निर्लोभ श्रम

(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात तिकोणा पेठ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने केली, तेव्हा आमच्याकडून विद्यार्थ्यांचा गुणगौरव, व्यसनमुक्ती किंवा लग्नातील उधळपट्टी यांपैकी एखादा विषय येईल, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. गेली अनेक वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत आणि आपणही ते सहनशीलतेने ऐकत आला आहात. आज मात्र आम्ही भुताच्या चित्रपटाविषयी बोलणार आहोत. हसू नका. आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची, आयुष्य प्राथमिक शाळेत गेलेले. चित्रकलेचे वा चित्रपटशास्त्राचे ज्ञान आम्हांस यत्किंचितही नाही. तथापि एका चित्रपटाने या वयात आम्हांस एक धडा घातला. तो आपणांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शेवटी एक कबुली द्यावयाची आहे आणि एक विनंती करावयाची आहे. ती दोन्ही होईपर्यंत कोणी उठू नये.

प्रथम आपल्या मावळाची एक गोष्ट सांगू. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ज्यांना आपण मान देतो, त्या दादासाहेब फाळके यांचे पाय आपल्या या भूमीला लागलेले आहेत. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ साली मुंबईहून मळवलीस आला. घरोघर लक्ष्मी-सरस्वतीच्या ज्या तसबिरी गेल्या, त्या येथल्या दगडी शिळांवरून छापल्या जात. त्या छापखान्यासाठी चित्रे शिळेवर उतरविण्याचे काम फाळके यांनी कार्ले-लोणावळे परिसरात राहून केले. पुढे मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का येऊ नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. त्या काळात फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री जागून फिल्म धुण्याचेही काम शिकून घेतले. ह्या बाईंचे दागिने आपण क्षणभर ध्यानात ठेवावेत. आमच्या भाषणात पुढे एका दुसऱ्या स्त्रीच्या दागिन्यांचा नव्हे, पण हक्काचा प्रश्न येणार आहे.

फाळके यांची ही परंपरा तेथेच संपली नाही, याचे प्रत्यंतर आम्हांस २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात आले. आमच्या नातवाने आम्हांस बळेबळेच पुण्यास नेऊन ‘तुंबाड’ हा चित्रपट दाखविला. मूळचा तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला. तेव्हा लोकांनी त्याच्याकडे बेताचेच लक्ष दिले होते. सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, तो पुन्हा चित्रगृहांत लागला, आणि पहिल्या खेपेस जेवढे उत्पन्न झाले नव्हते तेवढे दुसऱ्या खेपेस झाले. नवे कोरे चित्रपट आठवड्यात उतरतात, आणि हा जुना चित्रपट पाहण्यास तरुण मुले रांगा लावतात, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले.

या चित्रपटाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमीदाबाईची कोठी’ ही नाटके लिहिणारे अनिल बर्वे यांचे हे चिरंजीव. १९९३ साली, शाळकरी वयात, नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारप यांची एक भयकथा सांगितली. ती मनात रुतून बसली. वयाच्या अठराव्या वर्षी, १९९७ साली, त्यांनी चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. त्यानंतर २०१८ पर्यंत किती वर्षे झाली ते आपणच मोजावे. सात निर्मितिसंस्थांनी हे काम हाती घेतले आणि सोडले. एकदा चित्रीकरणापर्यंत मजल गेली होती, तेही पैशावाचून थांबले. दुसरा कोणी असता तर निराळ्या उद्योगास लागला असता. ह्या गृहस्थांनी काय केले? बसून सातशे पानांची चित्रवही काढली. प्रत्येक प्रसंग पडद्यावर कसा दिसेल, हे रेखाटनांतून मांडले. शिक्षक या नात्याने आम्ही हजारो वह्या तपासल्या. परंतु जी वही कोणी मागितली नाही, जिला गुण मिळणार नाहीत, जी बहुधा कोणी उघडणारही नाही, अशी सातशे पानांची वही लिहिणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाही.

पुढे सोहम शाह हे नट निर्माते म्हणून पुढे आले आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. आपली मालमत्ता विकून पैसा उभा केल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१२ साली चित्रीकरण सुरू झाले. जोडणी करून पाहता चित्रपट मनासारखा उतरला नाही, म्हणून पुन्हा लिहिला, पुन्हा चित्रित केला, आणि ते काम २०१५ साली संपले. कथेत पाऊस अखंड कोसळतो. तो पाऊस नळाचा नव्हे, आभाळातला. त्यासाठी या मंडळींनी चार पावसाळे वाट पाहिली. छायाचित्रणकार पंकज कुमार यांनी त्या अंधाऱ्या उजेडाचे जे चित्र पकडले आहे, ते पाहून आम्हांस पवनेकाठचा आषाढ आठवला. दुपारी तीन वाजता कंदील लावावा लागे, तो आषाढ. पुणे जिल्ह्यातील सासवडचा पुरंदरे वाडाही यात आहे. शापित म्हातारीचे काम मोहम्मद समद या मुलानेच केले आहे. तोच नायकाच्या मुलाच्या भूमिकेतही आहे. तासन् तास रंग आणि मुखवटे चढवून घेणे त्या मुलाने सोसले. मोठमोठ्या हिंदी चित्रपटांवर जो खर्च होतो, त्याच्या एका लहानशा अंशात हे सारे झाले. व्हेनिस येथील जगप्रसिद्ध महोत्सवातील समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ २०१८ साली याच चित्रपटाने झाला. तो मान मिळविणारा हा पहिला भारतीय चित्रपट होय. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनियोजना यांसाठी त्यास फिल्मफेअरची तीन पारितोषिकेही मिळाली.

आता कथा थोडक्यात सांगतो. कोकणातील तुंबाड हे नाव मराठी वाचकांस श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या कादंबरीमुळे परिचित आहे. चित्रपटाने नाव तेथून घेतले, कथा मात्र निराळी आहे. देवीच्या पोटी जन्मलेला पहिला पुत्र हस्तर याने आईजवळचे सोने आणि धान्य दोन्ही आपलेसे करण्याचा लोभ धरला. सोने हाती आले. धान्यावर हात टाकताच इतर देवांनी त्यास मारण्यास घेतले. आईने त्यास वाचविले, परंतु या अटीवर की त्याची पूजा कधीही होणार नाही. म्हणून त्याच्यापाशी सोने अमाप आहे आणि पोटात भूक आहे. हे पुराण कल्पित आहे, आपल्या कोणत्याही ग्रंथात ते नाही, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे. हस्तर हे नावही दूरचा प्रवास करून आले आहे. अमेरिकेतील अँब्रोज बिअर्स या लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातील कथेत ते प्रथम आढळते. तेथून ते एका भयकथाकाराकडून दुसऱ्याकडे जात राहिले. परंतु मावळातल्या माणसास ते परके वाटत नाही, याचे कारण पुढे येईल.

विनायक नावाचा मुलगा १९१८ साली तुंबाडच्या वाड्याच्या सावलीत वाढतो. दारिद्र्य, आश्रित आई, आणि साखळदंडाने बांधलेली, कायम भुकेली एक म्हातारी. धाकटा भाऊ मरतो. आई विनायकास घेऊन पुण्यास येते आणि परत न जाण्याचे वचन घेते. मोठा झाल्यावर तो वचन मोडतो. म्हातारीकडून रहस्य काढून घेतो, वाड्याच्या पोटात उतरतो, कणकेच्या बाहुल्या टाकून भुकेल्या हस्तरास गुंतवितो आणि त्याच्या कमरेच्या वस्त्रातून सोन्याच्या मोहरा ओढून आणतो. पैसा संपला की पुन्हा उतरतो. मुलगा वाढतो, तेव्हा त्यालाही तीच विद्या शिकवितो. आणि मुलगा बापाच्याही पुढे जातो. एक बाहुली टाकून थोड्या मोहरा मिळतात, तर अनेक टाकल्या तर? हा हिशेब त्या पोराचा आहे. १९४७ साल उजाडते, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि शेवटच्या खेपेस सारे मिळविण्याच्या नादात बाप स्वतःच राक्षस होतो. त्याही अवस्थेत तो मोहरांनी भरलेले ते वस्त्र मुलापुढे धरतो. मुलगा हात मागे घेतो.

बंधुभगिनींनो, त्या अंधाऱ्या चित्रगृहात आम्ही भ्यालो खरे, पण म्हातारीला किंवा लाल रंगाच्या त्या राक्षसाला नव्हे. बाप मुलाला लोभ शिकवीत असताना ज्या वात्सल्याने शिकवितो, त्या वात्सल्याची आम्हांस भीती वाटली. पाठ पाढ्यांप्रमाणे घटवून घेतला जातो आहे, चुकले की पुन्हा, जमले की शाबासकी. आम्ही असेच शिकवीत असू. काय शिकवीत होतो, एवढाच प्रश्न.

आणि दुसरा विचार मनात आला तो असा. लोभावरचा हा चित्रपट ज्यांनी केला, त्यांनी त्यात लोभ ठेवला असता तर तो झालाच नसता. नफ्याचा हिशेब पाहणारे सातजण आले आणि गेले. ज्याने सातशे पाने काढली, त्याला ती कोण विकत घेणार हे ठाऊक नव्हते. चार पावसाळे थांबण्यापेक्षा नळाने पाऊस पाडणे स्वस्त होते. तात्पर्य, पडद्यावर लोभाची कथा आहे आणि पडद्यामागे निर्लोभ श्रमाची. दोन्ही एकाच वेळी दिसतात, म्हणूनच ती कथा खरी वाटते.

आता आमच्या घरची, म्हणजे आपल्या पेठेची गोष्ट.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. आज तो या सभागृहात आहे, म्हणून नाव घेत नाही. भूगोलाच्या पुस्तकात दडवून तो नारायण धारपांची कादंबरी वाचीत असे. आम्ही ती पकडली. सोबत एक पाठकोरी वही निघाली. तीत त्याने स्वतः एक भुताची गोष्ट लिहिण्यास घेतली होती. तिकोणा गडाच्या पाण्याच्या टाक्यातून रात्री हाक येते, अशी काहीशी ती होती. आम्ही त्यास बाकावर उभे केले, आणि संध्याकाळी घरी नेऊन पुस्तक व वही दोन्ही बंबात घातली. पाणी चांगले तापले. तो मुलगा पुढे दुधाची गाडी चालवू लागला. आमच्या समोर कधी मान वर करून बोलला नाही. आम्ही त्यास आदर समजत होतो.

त्याची कन्या महाविद्यालयात शिकते. तिने आणि पेठेतल्या पाचसहा मुलामुलींनी मिळून एका श्रावणातल्या चार रविवारी चोवीस मिनिटांचा एक चित्रपट केला. साधन म्हणजे एक मोबाईल. खर्च अकरा हजार रुपये, तो तिने शिकवण्या घेऊन साठविलेला. मोबाईल भिजू नये म्हणून एकजण छत्री धरून चिखलात उभा. रात्रीच्या प्रसंगाला उजेड बापाच्या दुधाच्या गाडीच्या दिव्यांचा, त्यावर तेलकट कागद ताणून मऊ केलेला. भुताच्या अंगावर माळ्यावरचे जुने इरले. ज्या आवाजाने अंगावर काटा येतो, तो आवाज म्हणजे रिकामे जाते संथपणे फिरविल्याचा. धान्य न घालता जाते फिरवू नये, असे आपल्या आया का म्हणत, ते तो आवाज ऐकला की समजते. आईने साऱ्यांना पिठले-भाकरी करून घातली. आम्ही आरंभी सरस्वतीबाई फाळके यांच्या स्वयंपाकाचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

त्या चित्रपटातले भूत एका म्हाताऱ्या स्त्रीचे आहे. ती कोणास मारीत नाही, झपाटीत नाही. दर अमावास्येस ती दोरी घेऊन एक शेत मोजते. बांधापासून बांधापर्यंत मोजते, आणि प्रत्येक वेळी तिचा हिस्सा कमी भरतो. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. शेत विकले जाते, त्यावर बंगला उठतो, पोहण्याचा तलाव होतो. ती तलावाच्या काठाने मोजीत राहते. बस्स, एवढीच कथा.

मुलीने संस्थेकडे अर्ज केला की वार्षिक संमेलनात हा चित्रपट दाखवावा आणि पुढच्या कामास थोडे साहाय्य द्यावे. अर्ज समितीपुढे आला. समितीत आम्ही होतो. आम्ही सर्वांआधी बोललो आणि विरोधात बोललो. अशाने अंधश्रद्धा वाढते. १९१३ साली फाळक्यांनी हरिश्चंद्र दाखविला, आणि आपल्या मुली भुते दाखवितात. २०१३ साली या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याचे तरी भान ठेवा, असे आमचे वक्तृत्व झाले. अर्ज नामंजूर झाला. कित्येकांनी आमचे अभिनंदन केले.

तो युक्तिवाद खोटा होता. भुताची गोष्ट सांगणे निराळे आणि भूत उतरविण्याचे पैसे घेणे निराळे. कायदा दुसऱ्यासाठी आहे. पहिली तर आपल्या आजीपासून चालत आलेली विद्या आहे. एवढे आम्हांस तेव्हाही समजत होते. मग विरोध का केला? हीच ती कबुली.

आपल्या मावळाची जमीन आपण सर्व जाणतो. १९७२ साली पवना धरण पूर्ण झाले. कित्येकांची शेती आणि गावठाणे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि ज्यांची घरे गेली ते ती जागा बोटाने दाखवितात. ते दुःख आपण भोगले. पण ज्यांच्या जमिनी काठावर राहिल्या, त्यांच्याकडे पुढे पुण्या-मुंबईची माणसे आली. ज्या खाचरात भाताचे चार पोते होईनात, त्याला गुंठ्याच्या हिशेबाने भाव आला. त्या दिवसांत आमच्या घरीही तुंबाडचा वाडा उघडला. आम्ही तिघे भावंडे. दोन भाऊ, एक बहीण. बहीण धाकटी, सासरी परिस्थिती बेताची. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचलेले होते. भावाने नव्हे, आम्ही, शिक्षकाने, तिला भाऊबिजेस बोलाविले, लुगडे दिले, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. कागद काय आहे हे तिने विचारले. “घरचाच कागद आहे,” असे आम्ही म्हणालो. वाक्य खोटे नव्हते. आमच्या साऱ्या आयुष्यात इतके काळजीपूर्वक रचलेले वाक्य दुसरे नाही.

त्या पैशातून आमचे घर झाले, मुलाचे शिक्षण झाले. आणि मुलगा आता उरलेल्या बारा गुंठ्यांविषयी विचारू लागला, की आत्याचे नाव त्यावर राहिले आहे काय, राहिले असल्यास तिची सही आणखी एकदा घेता येईल काय. एक बाहुली टाकून इतके, तर अनेक टाकल्या तर? मंडळी, चित्रगृहात त्या पोराचा हिशेब ऐकताना आम्ही शेजारी बसलेल्या नातवाकडे पाहिले. तो लाह्या खात होता. त्याला अजून काही शिकविलेले नव्हते.

त्या मुलीच्या चित्रपटातील स्त्री आमची बहीण नव्हे. मुलीस आमच्या घरचे काही ठाऊक नव्हते. नंतर आम्ही तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, मला वाटलं ही आमच्याच घरातली गोष्ट आहे.” या सभागृहातील किती घरांत ती गोष्ट आहे, ते ज्याचे त्याने जाणावे. आम्ही हात वर करावयास सांगत नाही.

२०२४ च्या भाऊबिजेस आम्ही स्वतः बहिणीकडे गेलो. ओवाळून झाल्यावर सर्व सांगितले. आमची अशी कल्पना होती की ती रडेल आणि म्हणेल, दादा, मला काही नको, तुझी माया पुरे. आपल्या गोष्टींतील बहिणी असे म्हणतात. आमची बहीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं, दादा. सही करताना तू माझ्याकडे बघत नव्हतास.” आम्ही म्हणालो, उरलेले बारा गुंठे तुझ्या नावे करून देतो, तुला चालेल काय? ती म्हणाली, “चालेल की. नको कशाला म्हणू? माझंच आहे ते.” आणि चहा ठेवायला आत गेली.

कागदपत्रे तयार झाली आहेत. आमच्या वाट्याचे आम्ही लिहून दिले आहे. बंधूंच्या वाट्याचे लिहून देण्यास ते राजी नाहीत, आणि चिरंजीव आमच्याशी मोजकेच बोलतात. हे सांगण्यात आम्हांस भूषण नाही. वीस वर्षे जे खाल्ले ते बारा गुंठ्यांनी भरून निघत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु हिशेब वहीत कोठेतरी लिहिला जावा लागतो, आणि शिक्षकाने आपली चूक फळ्यावरच दुरुस्त करावी, हा आमचा जुना नियम आहे.

दूधगाडीवाल्या त्या विद्यार्थ्याकडेही आम्ही गेलो. वही बंबात घातल्याचे सांगितले. तो म्हणाला, “ठाऊक आहे, गुरुजी. पण गोष्ट कुठं जळते?” मग हळूच म्हणाला, टाक्यातल्या हाकेची गोष्ट तो मुलगी लहान असताना तिला रोज रात्री सांगे. तात्पर्य, जे आम्ही जाळले ते दुसऱ्या पिढीत मोबाईलवर उगवले. राही बर्वे यांच्या मनात शाळकरी वयातली एक गोष्ट पंचवीस वर्षे राहिली; येथे तीच क्रिया आपल्या पेठेत, आमच्या नाकाखाली, आमच्या विरोधास न जुमानता झाली. असे श्रम जेथे दिसतील तेथे मोठ्यांनी निदान आड येऊ नये, एवढे तरी शिकावे.

आता विनंती. अर्ज नामंजूर झाला तो प्रामुख्याने आमच्या बोलण्याने. म्हणून तो फेरविचारार्थ घ्यावा, असे आम्ही या सभेत जाहीरपणे सुचवितो. चित्रपट याच सभागृहात, सर्व कुटुंबांसह, स्त्रियांना पुढच्या रांगांत बसवून दाखविला जावा. साहाय्याच्या रकमेविषयी मंडळाने नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा. चित्रपटाचा खर्च म्हणून झालेले अकरा हजार रुपये मात्र आमच्या निवृत्तिवेतनातून द्यावेत, अशी इच्छा आहे. मुलीने ते घेण्यास नकार दिला, हेही येथेच सांगितले पाहिजे. ती म्हणाली, “पैसे नकोत गुरुजी, पुढच्या चित्रपटात काम करा. शाळामास्तराचं भूत पाहिजे आहे.” आम्ही होकार दिला आहे. मुखवट्याची फारशी गरज पडणार नाही, असे तिचे मत दिसते.

त्या चित्रपटात शेवटी मुलगा हात मागे घेतो, ते आम्ही आपणांस सांगितले. ते दृश्य क्षणभराचे आहे. परंतु बाप काहीतरी पुढे करतो आहे, आणि मुलगा ते घेत नाही, ह्या क्षणासाठी कोणीतरी एकवीस वर्षे खर्ची घातली. आपल्या घरोघर असा क्षण येणार आहे. तो आला असता आपल्या हातात काय असेल, आणि ते आपण मुलापुढे धरणार की खाली ठेवणार, याचा विचार प्रत्येक वडीलधाऱ्याने आजच करून ठेवावा, अशी विनंती आहे.